कॅनडा : लग्न न करता एकत्र राहिलेल्या जोडीदाराला प्रायोजित करायचे आहे, पण भाडेकरारात नाव एकाचेच आहे

बाणेर_ते_मिसिसागा (प्रश्न)

नमस्कार. मी कॅनडाचा नागरिक आहे. शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर मिसिसागाला आलो, तिथेच वाढलो आणि नंतर नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे पुण्यात राहिलो. माझी जोडीदार मूळची सांगलीची, भारतीय नागरिक आहे. आम्ही बाणेरला भाड्याच्या सदनिकेत सव्वा वर्षाहून अधिक काळ एकत्र राहिलो. आमचे लग्न झालेले नाही आणि ते केवळ कागदासाठी घाईने उरकावे अशी आमची इच्छा नाही. गेल्या महिन्यात मी मिसिसागाला परतलो आहे. ती अजून त्याच घरी राहते.

तिला कॉमन-लॉ जोडीदार म्हणून प्रायोजित करता येईल, म्हणजे माझ्या हमीवर कॅनडात कायमचे राहायला आणता येईल, असे वाचले, परंतु आमचे कागद पाहता धीर होत नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार फक्त माझ्या नावावर आहे, कारण अविवाहित जोडप्याला घर देण्यास मालक नाखूष होते आणि साखरपुडा झाला आहे असे सांगितल्यावर कुठे तयार झाले. दरम्यान तिच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे ती सुमारे दीड महिना सांगलीला होती, त्यामुळे सलग बारा महिन्यांची अट मोडते की काय, ही दुसरी शंका. नात्यातले सगळे एकच सांगतात की नोंदणी विवाह करून मोकळे व्हा. ज्यांनी ही प्रक्रिया जवळून पाहिली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओटावावासी

कागद कमी आहेत म्हणून नाते सिद्ध होत नाही, असे येथील कायदा मानत नाही. इमिग्रेशनच्या नियमावलीत कॉमन-लॉ जोडीदाराची व्याख्या अगदी थोडक्यात दिली आहे : दांपत्यासारख्या नात्यात किमान एक वर्ष एकत्र राहिलेली व्यक्ती. मालकाची संमती, घरच्यांचा होकार किंवा कुठलाही विधी यांचा त्यात उल्लेख नाही. जोडीदार भिन्नलिंगी असावा अशीही अट नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील ‘एम विरुद्ध एच’ या निकालानंतर देशातील कायदे त्या दिशेने बदलत गेले आणि २००२ साली अंमलात आलेल्या इमिग्रेशन कायद्याने कॉमन-लॉ जोडीदाराला पती-पत्नींच्या बरोबरीने कुटुंब वर्गात स्थान दिले.

‘दांपत्यासारखे’ म्हणजे काय, हे ठरवताना अधिकारी आजही १९८० च्या ‘मोलोडोविच विरुद्ध पेंटिनेन’ या ऑन्टारिओतील निकालाच्या कसोट्यांकडे पाहतात. दोघे एका छताखाली राहत होते का, परस्परांशी वागणे कसे होते, घरकाम कोण करत होते, मित्रपरिवारात व शेजारीपाजारी त्यांना जोडपे म्हणून ओळखत होते का, पैशांची व्यवस्था कशी होती आणि मुले असल्यास त्यांच्याशी नाते कसे होते, असे ते मुद्दे आहेत. प्रत्येक मुद्द्यावर पैकीच्या पैकी गुण लागत नाहीत; एकंदर चित्र संसाराचे दिसले पाहिजे.

सांगलीच्या दीड महिन्याने खंड पडतो असे मला वाटत नाही. घरातील आजारपण, कामाचा दौरा अशा कारणांनी झालेला तात्पुरता, अल्प काळाचा दुरावा आयआरसीसीची, म्हणजे येथील इमिग्रेशन खात्याची, मार्गदर्शक तत्त्वे गृहीत धरतात. त्या काळात तिचे सामान बाणेरलाच होते, भाडे चालू होते आणि ती परत तिथेच आली, एवढे दाखवता आले पाहिजे. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड व प्रवासाची तिकिटे पुरेशी बोलकी असतात. एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर, म्हणजे आता, आपण वेगवेगळ्या देशांत राहत आहात म्हणूनही नाते कायद्याने संपत नाही. मात्र ते चालू आहे हे दिसत राहिले पाहिजे.

ती भारतात असल्यामुळे अर्ज कुटुंब वर्गातून, म्हणजे कॅनडाबाहेरील अर्जदार म्हणून करावा. कॅनडातच एकत्र राहणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग आहे, पण त्यात नकार आल्यास इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येत नाही, फेडरल कोर्टाचेच दार ठोठवावे लागते. कुटुंब वर्गात प्रायोजकाला नकाराची कारणे मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, आणि तिथे नवे पुरावेही मांडता येतात. आपल्यासारख्या कागदांच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

नागरिक असल्यामुळे आपण पुण्यात राहूनही अर्ज करू शकला असता. जोडीदाराला पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळाल्यावर कॅनडात राहण्याचा इरादा तेवढा दाखवावा लागला असता. ज्यांच्याकडे केवळ पीआर आहे त्यांना ही सवलत नाही, त्यांना कॅनडातच राहावे लागते. पती-पत्नी वा कॉमन-लॉ जोडीदारासाठी सर्वसाधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही, परंतु प्रायोजक अपंगत्वाखेरीज अन्य कारणासाठी सामाजिक साहाय्य घेत नसावा. जोडीदाराला पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षे तिच्या निर्वाहाची हमी आपण घेता. उद्या नाते तुटले तरी ही हमी तुटत नाही आणि त्या काळात तिने सामाजिक साहाय्य घेतले तर ती रक्कम आपल्याकडून वसूल होते. सही करण्यापूर्वी हे कलम दोघांनी मिळून वाचावे. बहुतेक लोक ते चाळतात आणि पुढे जातात.

माझे_मत

आमच्या माहितीतल्या तिघांनी सरळ लग्नाचा दाखला जोडला आणि त्यांना कोणी भाडेकरार विचारला नाही. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यायची, साक्षीदार न्यायचे आणि विषय संपवायचा. जे काम एका दाखल्याने होते त्यासाठी दहा प्रकारचे पुरावे कशाला गोळा करायचे, हे मला समजत नाही.

ओटावावासी

दोघांना लग्न करायचेच असेल तर आपला मार्ग उत्तम आहे, कारण विवाहितांना एक वर्ष एकत्र राहिल्याचे सिद्ध करावे लागत नाही. पण विषय तिथे संपत नाही. नियमावलीच्या कलम ४ नुसार, नाते खरे नसेल किंवा मुख्यतः इमिग्रेशनचा लाभ मिळवण्यासाठी जुळवलेले असेल, तर दाखला असूनही अर्ज नामंजूर होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर या दोन्हींपैकी एक कारणही नकाराला पुरते. त्यामुळे विवाहितांनाही नात्याचा इतिहास सांगावाच लागतो. शिवाय प्रश्नकर्ते आता मिसिसागाला आहेत, आणि एका पक्षाच्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय, म्हणजे पडद्यावरून किंवा प्रतिनिधीमार्फत झालेले लग्न २०१५ पासून अशा अर्जांत, सशस्त्र दलातील सेवेसारखा अपवाद वगळता, चालत नाही.

काही जण ‘कॉन्जुगल पार्टनर’ हा तिसरा वर्ग सुचवतील. तो ज्यांना एकत्र राहणे किंवा लग्न करणे खरोखरच अशक्य होते त्यांच्यासाठी आहे. भारतातील समलिंगी जोडप्यांना त्याचा विचार करावा लागतो, कारण ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. अर्थात तेही वर्षभर एकत्र राहिले असतील तर कॉमन-लॉच आहेत. प्रश्नकर्त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

बाणेर_ते_मिसिसागा

मनापासून आभार. आपले उत्तर वाचून कागद पुन्हा काढले तेव्हा एक नवीनच गोष्ट हाती लागली. घर घेताना एजंटने भाडेकरूंच्या माहितीचा जो अर्ज पोलिसांकडे ऑनलाइन भरला होता, त्याची प्रत त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. त्यात ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात तिचे नाव आहे आणि नाते ‘पत्नी’ असे लिहिले आहे. आम्ही तसे सांगितले नव्हते. आमच्याकडच्या कागदांत हा एकच असा आहे की ज्यावर सुरुवातीच्या तारखेसह आम्हा दोघांची नावे एका पत्त्यावर आहेत, आणि नेमका तोच चुकीचा आहे. तो जोडावा की बाजूला ठेवावा?

कॅल्गरीकर

मी कॅल्गरीतील एका इमिग्रेशन वकिलांच्या कार्यालयात अर्जांची जुळवाजुळव करते, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेले असे कागद माझ्या टेबलावरून बरेच जातात. हे सल्ल्याऐवजी अनुभव म्हणून वाचावे आणि आपल्या प्रकरणात वकिलांना एकदा दाखवावे.

पोलिसांकडचा तो अर्ज माझ्या मते जोडावा, मात्र एकटा नव्हे. सोबत दोघांच्या सहीचे स्पष्टीकरणाचे पत्र असावे : माहिती एजंटने भरली, आम्ही विवाहित नव्हतो व आजही नाही, अविवाहित जोडप्याला घर मिळणे कठीण असल्याने बहुधा त्याने तसे लिहिले असावे, आणि मालकांना आमचा साखरपुडा झाल्याचे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात साखरपुडा झाला नसेल तर तेही तिथेच लिहून टाकावे. मग हाच कागद आपल्या बाजूने बोलू लागतो, कारण ज्या तारखेला एजंटने ती नोंद केली त्या तारखेला त्याच्या लेखी हे जोडपे होते, आणि वर ओटावावासींनी सांगितलेल्या कसोट्यांत लोक तुम्हाला कोण समजत होते ही एक कसोटी आहेच. स्पष्टीकरणाशिवाय जोडलात तर मात्र अधिकाऱ्यापुढे एका फायलीत ‘पत्नी’ आणि दुसऱ्या फॉर्मवर ‘कधीही विवाह झालेला नाही’ अशी दोन विधाने येतील. चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षे प्रवेशबंदी होते. ही जोखीम एका पानाच्या पत्राने टळत असेल तर ते पत्र लिहायला आळस करू नये.

मालकांकडून पत्र मिळत असेल तर अवश्य घ्यावे. मजकूर त्यांनाच लिहू द्यावा. ‘अमुक महिन्यापासून दोघेही या सदनिकेत राहत होते’ एवढे पुरते. त्यांच्यावर ‘पती-पत्नी’ किंवा ‘अविवाहित’ असे काहीही लिहिण्याचा आग्रह करू नये. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यामुळे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे आपल्या एकट्याच्या नावाचा का होईना, पण घराचा पत्ता व तारखा यांचा भक्कम आधार आपल्यापाशी आहे. आता तिला त्या पत्त्याशी बांधायचे आहे.

त्यासाठी तिची बँक, तिची कंपनी, आधार, विम्याचा हप्ता यांपैकी कुठे बाणेरचा पत्ता नोंदला होता ते पाहा. तिने दरमहा भाड्याचा अर्धा हिस्सा तुम्हाला यूपीआयने पाठवला असेल तर बँकेचा उतारा काढा. ‘रेंट’ असा शेरा असलेल्या अशा नोंदी वर्षभर दिसल्या तर त्यांच्यासारखा पुरावा नाही. घरपोच आलेल्या मालाच्या पावत्यांवर नाव, पत्ता, तारीख तिन्ही असतात. सोसायटीच्या फाटकावर नोंदीचे ॲप असेल तर रहिवासी म्हणून तिचे नाव कधी जोडले गेले ते दिसते. स्वयंपाकाच्या मावशी आणि शेजारी यांची निवेदने घेता येतात, पण ती शेवटी जोडावीत, कारण ओळखीच्या माणसांचे निवेदन कागदाला जोड म्हणून चांगले, कागदाच्या जागी नव्हे. म्युच्युअल फंडात किंवा विम्यात परस्परांना नॉमिनी केले असल्यास ते जोडा. आजच जाऊन केले असेल तर त्याचे वजन तेवढेच धरा.

पुराव्यांचा ढीग करण्यापेक्षा त्यांची पसरण पाहा. मला दिसणाऱ्या फायलींत सहलीची छायाचित्रे भरपूर असतात आणि मधले चार-पाच महिने कोरे असतात. तपासयादीत छायाचित्रे आणि संभाषणे किती जोडायची यावर मर्यादा आहे. बाराही महिन्यांतील प्रत्येकी एक-दोन साधे कागद असणे त्याहून मोलाचे. गॅस सिलिंडरची नोंदणी कोणी केली, वॉशिंग मशीन दुरुस्तीची पावती कोणाच्या नावावर आहे, अशा किरकोळ कागदांना अधिकारी हसत नाहीत.

‘आयएमएम ५४०९’ हे एकत्र राहिल्याचे प्रतिज्ञापत्र दोघांच्या सह्यांनी, नोटरीसारख्या अधिकृत व्यक्तीसमोर करायचे असते. त्यातील सुरुवातीची तारीख आणि ‘आयएमएम ५५३२’ या नात्याच्या प्रश्नावलीतील तारीख अक्षरशः एक असली पाहिजे. करार मराठीत असेल तर इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर लागते. ते घरच्या माणसाने केलेले चालत नाही, मग त्याचे इंग्रजी कितीही चांगले असो.

३० एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार प्रायोजनाचे ८५, अर्जाच्या प्रक्रियेचे ५४५ आणि पीआरच्या हक्काचे ५७५ असे १,२०५ डॉलर होत होते, शिवाय बायोमेट्रिक्सचे ८५. हे दर दोन वर्षांनी बदलतात. भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

सरेकर

प्रश्नकर्ते नागरिक असल्यामुळे हे त्यांना लागू होणार नाही, परंतु हा धागा वाचणारे अनेक जण नुकतेच पीआर घेऊन आलेले असतील, म्हणून लिहितो. भारतात कोणाबरोबर वर्षभर राहिलात, लग्न झाले नाही म्हणून स्वतःच्या पीआरच्या अर्जात स्वतःला एकटे दाखवलेत आणि कॅनडात उतरलात, तर पुढे त्याच जोडीदाराला प्रायोजित करताना नियमावलीचे कलम ११७(९)(ड) आडवे येते. ज्या कुटुंबीयाची माहिती आपल्या अर्जात दिली नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, तो कुटुंब वर्गातून बाहेर पडतो. २०१९ साली सरकारने यावर एक सवलतीचे धोरण आणले व नंतर त्याची मुदत वाढवली. जोडीदाराचे नाव सांगितले असते तरीही प्रायोजकाला पीआर मिळालाच असता, अशा प्रकरणांपुरते ते आहे, आणि सवलतीच्या भरवशावर कोणी आधीच माहिती वगळू नये.

दुसरे असे की जी व्यक्ती स्वतः जोडीदार म्हणून प्रायोजित होऊन पीआर झाली आहे, तिला त्यानंतर पाच वर्षे नव्या जोडीदाराला प्रायोजित करता येत नाही.

हिशेबनीस

येथील करखातेही बारा महिने सलग एकत्र राहिलेल्या जोडप्याला कॉमन-लॉ समजते. नाते मोडल्यामुळे वेगळे राहणे आणि नोकरी किंवा व्हिसामुळे दूर राहणे यांत ते फरक करते. तेव्हा जोडीदार पुण्यात आहे म्हणून आपण विवरणपत्रात ‘सिंगल’ लिहू शकत नाही. तिच्या उत्पन्नाचा आकडाही विचारला जातो. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांना वाटते की ऑन्टारिओत कॉमन-लॉ होण्यास तीन वर्षे लागतात. ती तीन वर्षे कौटुंबिक कायद्यातील पोटगीसाठी आहेत. ब्रिटिश कोलंबियात त्यासाठी दोन वर्षे धरतात. इमिग्रेशन आणि कर यांच्यासाठी एकच वर्ष. एका खात्याला एक आणि दुसऱ्या खात्याला दुसरे सांगितल्याची फाइल इमिग्रेशनपर्यंत पोहोचली तर ती निस्तरणे कठीण जाते.

बाणेर_ते_मिसिसागा

सर्वांचे आभार. तिच्या बँकेच्या उताऱ्यात दरमहा भाड्याच्या नोंदी सापडल्या, आणि आधारवरचा पत्ताही तिने पहिल्याच दिवाळीपूर्वी बदलून घेतला होता. पत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे. शेवटचे दोन प्रश्न. आम्ही एकत्र राहत होतो हे तिच्या आई-वडिलांना ठाऊक नाही; मला ते तिचा सहकारी म्हणून ओळखतात. प्रश्नावलीत घरच्यांविषयी विचारतात, तिथे काय लिहावे? आणि अर्ज चालू असताना ती भेटीला येऊ शकते का?

कॅल्गरीकर

जे आहे ते लिहावे. आई-वडिलांना नाते माहीत नाही, त्यामागचे कारण हे, आणि तुमच्या आई-वडिलांना, मित्रांना, तिच्या बहिणीला किंवा मैत्रिणींना ते कधीपासून माहीत आहे. भारतातून आलेल्या फायली पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना अशी उत्तरे नवीन नाहीत. त्यांना खटकते ते निराळे : जोडप्याने सगळ्यांपासूनच नाते लपवलेले असणे, किंवा अर्जाच्या आदल्या महिन्यात घाईने घेतलेला कौटुंबिक फोटो.

व्यवहाराच्या दृष्टीने मात्र एक सांगते. तिला पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावे लागेल. तिच्या पासपोर्टवर सांगलीचा पत्ता असेल आणि अर्जातही तोच राहिला, तर चौकशीला हवालदार तिच्या वडिलांच्या दारात उभा राहील आणि मुलगी कॅनडाला कशासाठी चालली आहे हे त्यांना त्याच्याकडून कळेल. पत्त्याचे काय करायचे ते आधी ठरवावे, आणि वडिलांना सांगायचे असेल तर तेही आधी. हे माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवले नाही.

भेटीच्या व्हिसाला हरकत नाही. कायम स्थायिक होण्याचा अर्ज केलेला असणे हे तात्पुरता व्हिसा नाकारण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही, असे कायद्याच्या कलम २२(२) मध्येच आहे. मुदत संपल्यावर ती परतेल असे अधिकाऱ्याला पटले पाहिजे, त्यासाठी तिच्या नोकरीचे व रजेचे पत्र जोडावे. ती आली, तुमच्याबरोबर राहिली आणि तिचा येथील दर्जा वैध असला, तर अर्ज कॅनडाबाहेरील वर्गातला असूनही ओपन वर्क परमिट (कोणत्याही कंपनीत काम करण्याचा परवाना) मागण्याची सोय मे २०२३ पासून झाली आहे. व्हिसाच्या अर्जातही वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. तिथे तिने कॉमन-लॉ लिहावे आणि प्रतिज्ञापत्रात दिलेलीच तारीख द्यावी; तो अर्ज एजंटकडून भरून घेणार असाल तर पाठवण्यापूर्वी त्याने काय लिहिले आहे ते दोघांनी वाचून पाहावे.